दिव्याचा एकच स्विच पुन्हा पुन्हा का जळतो?

नवा स्विच आणायच्या आधी जुना काढून त्याची पाठ बघा. तुम्ही लिहिलंय की एकाच जागेवरचा स्विच तिसऱ्यांदा गेला, दाबताना चरचर आवाज येतो, आणि त्याच बोर्डावरचे बाकीचे स्विच ठणठणीत आहेत. मग कंपनी बदलून काही होणार नाही. माझा संशय वायरीच्या जोडावर आहे.

टेस्टर आधी चालू सॉकेटला लावून पेटतो का ते पाहा, मग मेन बंद करून बोर्डातल्या प्रत्येक वायरीला लावा; कुठेही पेटता कामा नये. नुसता स्विच बंद करून बोर्ड उघडू नका. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, एका टर्मिनलवर (वायर आवळायच्या स्क्रूवर) तशीच हजर असते.

आता स्क्रूजवळचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय का, तांबं काळं पडलंय का ते बघा. यातलं काहीही दिसलं तर जोड सैल होता असं धरून चाला. सैल जोडाचा रोध वाढतो, तिथे तो तापतो, तापून-निवून स्क्रू आणखी ढिला होतो. आणि नवा स्विच बसवताना बहुतेक जण तीच काळी टोकं पुन्हा आत सारतात! मग तोही पहिल्या दिवसापासून तापतो. जळका भाग चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, तारा पिळून घ्या, वायर बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. स्क्रू इन्सुलेशनवर तर आवळला जात नाही ना? तसं झालं की बाहेरून घट्ट वाटतं, पण आत तांब्याला धड टेकलेलंही नसतं. आवळल्यावर वायर ओढून बघाच. फेजची लूप, म्हणजे पुढे नेलेली जोडवायर, शेजारच्या स्विचवरून आली असेल तर तिकडचा स्क्रूही तपासा.

जोड स्वच्छ निघाला, तर त्या स्विचवर किती दिवे आहेत ते मोजा. एलईडी वीज कमी खातात हे खरं, पण त्यांच्या ड्रायव्हरमधला (दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमधला) कपॅसिटर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. बरेच दिवे एकत्र असले की त्या ठिणगीने आतले संपर्क खरवडतात, कधी चिकटूनच बसतात आणि दिवा बंदच होत नाही. दिवे दोन स्विचवर वाटून द्या.

बोर्डात ओल दिसली, किंवा कापून कापून वायर आखूड झाली असेल, तर मेन बंदच ठेवून वायरमनला बोलवा.