फियाटच्या पट्ट्या चमकत का नाहीत?

प्रश्न : आजोबांची प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट) दहा वर्षं गोठ्याला लागून असलेल्या शेडात उभी होती. इंजिन सुरू झालं, रंगही झाला. पण बाजूच्या चमकपट्ट्या धुरकट आहेत, मध्येमध्ये पांढरे ठिपके. पोळ्याला बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या घासतो त्याच ब्रासोने तीन दिवस घासल्या, चिंचही लावली. काहीच फरक नाही. काय करावं?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, चिंच आता भाजीत घाला. शेंब्या पितळेच्या, त्यांच्यावरचा काळेपणा घासला की निघतो. तुमची पट्टी ॲल्युमिनियमची. तिच्यावर मळ नाही, तो तिचा थर आहे. ॲल्युमिनियम गंधकाच्या तेजाबात बुडवून वीज सोडली की त्याच्याच अंगातून ऑक्साइडचा थर वाढतो. त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. जाडी फार तर 10-20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण माणिक ज्या रसायनाचं असतं त्याच रसायनाचा. ब्रासो त्याला काय करणार? थर जागोजागी फुटून खाली धातू सडला, तेच ते पांढरे ठिपके.

पण आधी खात्री करा. गावात मोटारपंप बांधणाऱ्याकडे वीज जाते का ते बीप वाजवून सांगणारा मीटर असतो. त्याची टोकं पट्टीवर हलकी टेकवा. बीप वाजला नाही, तर बहुधा ॲनोडायझिंग आहे, कारण हा थर वीज जाऊ देत नाही. मागून कानशीने जरा खरवडून टेकवा, लगेच वाजेल.

थर काढायला कॉस्टिक सोडा. धुण्याचा सोडा नव्हे, दुकानदाराला दोनदा सांगा. प्लास्टिकच्या टबात एक लिटर थंड पाण्याला 50 ग्रॅम. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर येतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा हाताशी होता म्हणून घरातला जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमच, हे मिस्त्री असून डोक्यात आलं नाही. पट्टीच्या आधी गंजच फसफसायला लागला आणि त्यापुढचं घरात जे ऐकलं ते इथं छापता येणार नाही. जस्ती बादलीही नको. पट्टीला जस्ताच्या ओतीव धातूचं काही अडकलेलं असेल, तर तेही काढून ठेवा.

काम अंगणात, सकाळी करा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पाणी आपोआप तापतं आणि सोडा हाताबाहेर जातो. निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून जवळ चूल नको, बिडी तर नकोच. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा लावल्याशिवाय डबा उघडू नका. माझ्या मनगटावर अजून डाग आहे. डोळ्यात थेंब गेला तर लगेच पाण्याने धूत राहा, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग थेट दवाखाना.

पट्टी बुडवली की सुरुवातीला बुडबुडे तुरळक येतात. थर संपला की सगळ्या अंगाने फसफस उठते. तीच खूण. काही मिनिटांचाच खेळ आहे, समोरून हलू नका. पट्टी काढून भरपूर पाण्याने धुवा. वर काळी काजळी दिसेल, घाबरू नका, मिश्रधातूतला तांबं-लोखंडाचा अंश आहे, पुढे घासकागद लावताना जाते.

तुमचा तालुका खारपाणपट्ट्यातला, म्हणून एक वेगळं सांगतो. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. त्यातलं मीठ उघड्या ॲल्युमिनियमला नवे खड्डे पाडतं. पावसाचं धरून ठेवलेलं किंवा आरओचं पाणी घ्या आणि लगेच कोरडं पुसा.

पोचे असतील तर पॉलिशआधी, मागून लाकडी ठोकळ्याने काढा. मग पट्टी सागाच्या फळीवर पक्की बसवून वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, नंबर मोठा तितका बारीक) : 400 फक्त खोल चरे असतील तिथे, मग 800, 1200, 2000. दर वेळी घासण्याची दिशा बदला, आधीच्या कागदाच्या रेघा राहिल्या की नाही ते कळतं. खरी चमक इथेच ठरते. बहुतेक जण कंटाळून 800 वरून थेट बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, जातात आणि बफच्या नावाने बोटं मोडतात. बफच्या चाकाला पट्टीची पुढची कड देऊ नका, ती हिसकून घेतं आणि सुरळी करून परत देतं. चाकाला आधी पॉलिशची तपकिरी वडी लावा, मग पांढरी.

आता पट्टी आरशासारखी दिसेल, पण उघडी आहे. थर पुन्हा हवा असेल तर नागपूरला हिंगणा-बुटीबोरीकडे ॲनोडायझिंग करणाऱ्यांकडे चौकशी करा. त्याने झळाळी थोडी उतरते. मला विचाराल तर लग्ना-सणाला निघणाऱ्या गाडीला मेण पुरे, दोन-तीन महिन्यांनी एकदा हात फिरवायचा. आणि पट्ट्या बसवताना जुन्या लोखंडी क्लिपा वापरू नका. खारं पाणी लागलं की लोखंड टेकलेल्या जागीच ॲल्युमिनियम आधी सडतं. प्लास्टिकच्या घ्या.