न्यूक्लियर डेटा लायब्ररी सुधारतात म्हणजे नक्की काय करतात, आणि सोलापुरात बसून त्यात काही करता येतं का?

तुम्ही विचारलंय की अणुभट्टीची गणितं आता एवढ्या मोठमोठ्या कॉम्प्युटरवर होतात तरी काही वर्षांनी नवीन न्यूक्लियर डेटा लायब्ररी का काढावी लागते, युरेनियम काय बदलतंय का, आणि सोलापुरात एमएस्सी फिजिक्स करणाऱ्याला या कामात शिरता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे, पण पहिलं नीट कळल्याशिवाय त्या हो ला काही अर्थ नाही म्हणून तिथूनच सुरू करतो. मी न्यूट्रॉन क्रॉस सेक्शन, म्हणजे न्यूट्रॉन आदळल्यावर अमुक घडायची शक्यता, मोजण्यावर पीएचडी केली आणि आता इथंच कॉलेजात शिकवतो, त्यामुळे जे लिहितोय ते मोजणाऱ्याच्या नजरेतून आहे, भट्टी चालवणारा माणूस कदाचित वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करेल.

युरेनियम काही बदलत नाही, त्याच्याबद्दल आपल्याला किती आणि किती खात्रीनं माहितीय ते बदलत राहतं.

लायब्ररीत काय असतं, तर प्रत्येक आयसोटोपवर (युरेनियम 235, 238 असे एकाच मूलद्रव्याचे प्रकार) अमुक एनर्जीचा न्यूट्रॉन आदळला तर फिशन, म्हणजे केंद्रक फुटायची शक्यता किती, गिळला जायची, म्हणजे कॅप्चरची किती, नुसता आपटून दुसरीकडे जायची किती, बाहेर पडताना कुठल्या कोनात आणि किती एनर्जी घेऊन, असं सगळं, एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाखाव्या भागापासून 20 मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत. शक्यता बार्नमध्ये मोजतात, एक बार्न म्हणजे 10 चा उणे 24 वा घात चौरस सेंटिमीटर. थर्मल, म्हणजे मंदावलेल्या न्यूट्रॉनला युरेनियम 235 चं फिशन साधारण 585 बार्न, युरेनियम 238 चं कॅप्चर फक्त 2.7 बार्नच्या आसपास, पण त्याच 238 ला 6.67 इलेक्ट्रॉन व्होल्टला एक रेझोनन्स, म्हणजे शक्यता एकदम उसळते अशी जागा आहे आणि तिथं तापमान शून्य केल्विन धरलं तर हा आकडा वीस हजार बार्नच्या वर जातो. इंधन तापलं की तो उंच सुळका बुटका आणि रुंद होतो, एकूण जास्त न्यूट्रॉन गिळले जातात आणि भट्टी आपोआप थोडी दबते, हा डॉपलर इफेक्ट, सुरक्षेचा केवढा मोठा भाग त्या एका सुळक्याच्या आकारावर उभा आहे बघा. किंवा साधं पाणी घ्या, त्यातला हायड्रोजन थर्मल न्यूट्रॉन 0.33 बार्ननं गिळतो आणि जड पाण्यातला ड्युटेरियम 0.0005 नं, म्हणून तर आपल्या कैगा आणि काकरापारच्या जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालू शकतात.

चादरीच्या कारखान्यात कधी जेकार्ड बघितलं असेल तर पुढचं पटकन कळेल. माग कितीही भारी घ्या, डिझाईन येतं ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून, आणि एका पुठ्ठ्यात भोक चुकलं की निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक. भट्टीचं गणित करणारा कोड म्हणजे माग आणि लायब्ररी म्हणजे ते पुठ्ठे. कॉम्प्युटर दहापट मोठा घेतला तर तुम्हाला चुकीचं उत्तर जास्त दशांश स्थळांपर्यंत मिळेल, बाकी काही नाही.

किती बारीक चूक चालत नाही ते सांगतो. युरेनियम 235 च्या एका फिशनमधून सरासरी 2.4 च्या थोडे वर न्यूट्रॉन निघतात. हा आकडा एक टक्का चुकला तर भट्टीचा गुणक, म्हणजे न्यूट्रॉनच्या एका पिढीमागे पुढची पिढी किती पट, ज्याला सगळे के इफेक्टिव्ह किंवा नुसतं के म्हणतात (1 असेल तर भट्टी स्थिर), तोही जवळपास एक टक्का चुकतो, म्हणजे 1000 पीसीएम (एक पीसीएम म्हणजे लाखात एक). आणि भट्टी माणसाच्या हातात राहते ती ज्या उशिरा निघणाऱ्या न्यूट्रॉनमुळे, ते युरेनियम 235 मध्ये फक्त 650 पीसीएमच्या आसपास असतात, प्लुटोनियम 239 मध्ये तर 210 च्या जवळ. म्हणून एक टक्का म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये शाबासकीचा आकडा असला तरी इथं तो चालत नाही.

आता सुधारणं. लोकांना वाटतं कुणीतरी नवीन प्रयोग केला, नवीन आकडा आला, जुना खोडून नवीन लिहिला. असं होत नाही. एकाच रिअ‍ॅक्शनची वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या दशकांत केलेली मापनं असतात, ती एकमेकांशी जुळत नाहीत, मधल्या कितीतरी एनर्जीला मापनच नसतं, तिथं टॅलिससारख्या, सिद्धांतावरून आकडे काढणाऱ्या मॉडेल कोडनं पूल बांधावा लागतो, आणि हे सगळं एकत्र करून एकच वक्र आणि त्या वक्राची अनिश्चितता ठरवायची, याला इव्हॅल्युएशन म्हणतात. अमेरिकेची ईएनडीएफ, युरोपची जेफ, जपानची जेंडल, चीनची सेंडल अशा लायब्ररी आहेत, कच्ची मापनं तीच असली तरी निर्णय वेगळे असल्यामुळे आकडे वेगळे निघतात. ऑक्सिजन 16 मधून अल्फा निघायच्या रिअ‍ॅक्शनचं घ्या, ऑक्सिजनसारखं सगळ्यात ओळखीचं मूलद्रव्य, तरी वेगवेगळ्या मापनांत आणि इव्हॅल्युएशनमध्ये तीसेक टक्क्यांपर्यंत फरक राहिला होता, आणि ऑक्सिजन तर प्रत्येक युरेनियम ऑक्साइडच्या गोळीत आहे. क्लोरीन 35 तर अजून बोलकं उदाहरण, वितळलेल्या क्लोराइडवर चालणाऱ्या भट्ट्यांसाठी त्याची प्रोटॉन निघणारी रिअ‍ॅक्शन महत्त्वाची, आणि 2019 मध्ये बर्कलेच्या गटानं अडीच मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास मोजली तर ती लायब्ररीतल्या आकड्याहून कित्येक पटीनं कमी निघाली, कारण तिथं आधी मापनच जवळपास नव्हतं.

माझ्या मते या सगळ्यातला खरा जीव आकड्यात नसून त्याच्या एररमध्ये आहे, आणि एररमध्येही कुठला एरर कुणाबरोबर वाटून घेतलाय यात. आपण सोन्याची पट्टी मॉनिटर म्हणून शेजारी ठेवतो, सोन्याचं कॅप्चर थर्मलला 98.65 बार्न म्हणून पक्कं माहितीय, त्याच्या तुलनेत आपलं सँपल मोजतो. समजा पाच लॅबनी पाच वेळा मोजलं पण पाचही जणांनी मॉनिटरचा एकच आकडा वापरला, तर त्या आकड्यातली चूक पाचांतही आहे, सरासरी काढून ती कमी होणार नाही. हे विसरून सरासरी काढली की एरर खोटाच लहान दिसायला लागतो. आणि हे लक्षात ठेवून गणित केलं तरी दगा बसू शकतो, 1987 मध्ये पील नावाच्या शास्त्रज्ञानं एक कोडं मांडलं ते करून बघाच: एक मापन 1.5, दुसरं 1.0, दोघांचा स्वतःचा एरर 10 टक्के आणि दोघांचा सामाईक एरर 20 टक्के. नेहमीच्या लीस्ट स्क्वेअरनं (एररनुसार वजन देऊन सरासरी काढायची पद्धत) उत्तर येतं 0.88. दोन्ही मापनांच्या खाली! कारण 20 टक्के आपण मोजलेल्या आकड्याचे काढले, मग लहान आकड्याचा एरर आपोआप लहान झाला आणि त्यानं सगळं खाली ओढलं, टक्के त्या खऱ्या मूल्याचे धरले की हा तिढा सुटतो. एमएस्सीच्या मुलांना मी हे फळ्यावर दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सनं करायला लावतो, कागद पेनवर अर्ध्या तासात होतं आणि कोव्हेरियन्स, म्हणजे दोन एरर एकमेकांशी किती जोडलेत, हे काय ते आयुष्यभर विसरत नाहीत.

मग लायब्ररी तयार झाली की तपासायची कशी. लॉस अलामोसला गोडायव्हा नावाचा जवळपास 52 किलोचा उच्च समृद्ध युरेनियमचा उघडा गोळा होता, असे शेकडो प्रयोग बेंचमार्क म्हणून नीट लिहून ठेवलेत, नवीन लायब्ररीनं गणित करून के 1 च्या जवळ येतो का बघतात. इथं मला एक गोष्ट फार कळकळीनं सांगायचीय. बेंचमार्क जुळला म्हणजे डेटा बरोबर असं समजू नका. फिशन थोडं जास्त आणि इनइलॅस्टिक (आपटून न्यूट्रॉनची एनर्जी केंद्रकात जाणं) थोडं जास्त असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि के मस्त 1.000 येतो, भट्टी बदलली की झाकण निघतं. ईएनडीएफची आठवी आवृत्ती 2018 मध्ये आली, ताज्या इंधनाच्या बेंचमार्कवर छान होती, पण लोकांनी साध्या पाण्याच्या भट्टीत इंधन जळत जातं तसं गणित केलं तेव्हा जळण वाढेल तशी रिअ‍ॅक्टिव्हिटी (के 1 पासून किती दूर आहे ते) आधीच्या आवृत्तीपेक्षा जास्त वेगानं उतरताना दिसली. मग युरेनियम, प्लुटोनियम, ऑक्सिजन पुन्हा उघडून बसावं लागलं आणि 2024 च्या 8.1 आवृत्तीत त्यावर काम झालं. मला यात काहीच कमीपणा वाटत नाही, चूक सापडायची यंत्रणा चालू आहे म्हणूनच ती सापडली.

फास्ट, म्हणजे न्यूट्रॉन न मंदावता चालणाऱ्या भट्ट्यांसाठी युरेनियम 238 चं इनइलॅस्टिक अजूनही दुखरी नस आहे. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या एका गटानं 2008 मध्ये हिशोब मांडला होता की अनिश्चितता दोनतीन टक्क्यांवर आणायला पाहिजे, तेव्हा ती दहा ते वीस टक्के होती.

आपल्या देशाला हे काम बाहेरून तयार मिळेल असं धरून चालत नाही, कारण थोरियम आपल्याला वापरायचाय, बाकीच्या बहुतेकांना तितकी घाई नाही. थोरियम न्यूट्रॉन गिळून प्रोटॅक्टिनियम 233 होतो, ते 27 दिवसांच्या अर्धायुष्यानं युरेनियम 233 होतं, पण तेवढ्यात त्यानं अजून एक न्यूट्रॉन गिळला तर इंधन हातचं गेलं. म्हणजे प्रोटॅक्टिनियमचे क्रॉस सेक्शन लागणार, आणि ते इतकं किरणोत्सारी की टार्गेट करून मोजणं महाकठीण. मुंबईच्या बीएआरसी टीआयएफआर पेलेट्रॉन अ‍ॅक्सिलरेटरवर आपल्या लोकांनी थोरियमवर लिथियम 6 चा बीम टाकून, म्हणजे न्यूट्रॉन गिळल्यावर जे केंद्रक बनतं ते कंपाउंड न्यूक्लियस दुसऱ्या वाटेनं बनवून, प्रोटॅक्टिनियम 233 चं फिशन 11.5 ते 16.5 मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये काढलं, 2008 मध्ये ते छापून आलं. मला आजही तो पेपर शिकवताना भरून येतं, टार्गेट हातात नसताना काय करायचं याचा धडा आहे तो.

आता तुमचं सोलापूर. आपल्याकडे अ‍ॅक्सिलरेटर नाही, भट्टी नाही, फताटेवाडीला एनटीपीसी आहे ती कोळशाची. पण लायब्ररीच्या कामातला मोठा भाग प्रयोगशाळेबाहेर होतो आणि त्याला लागणारं सगळं फुकट आहे: ईएनडीएफच्या फाइल, कच्च्या मापनांचा एक्सफोर डेटाबेस, प्रोसेसिंगचा एनजॉय कोड, मॉडेलसाठी टॅलिस, माँटे कार्लोसाठी (एकेका न्यूट्रॉनचा प्रवास फासे टाकल्यासारखा काढायचं गणित) ओपनएमसी. साध्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की चालतं, उन्हाळ्यात दुपारी जरा पंख्याखाली ठेवा इतकंच.

सुरुवात ओपनएमसीवर गोडायव्हा करून करा, मग त्यात युरेनियम 238 ची फाइल दुसऱ्या लायब्ररीतली घालून के किती हलतो बघा. ईएनडीएफची फाइल एकदा टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, 80 कॉलमची ओळ दिसेल, ती पंच कार्डच्या काळातली आहे, एमएफ 3 म्हणजे क्रॉस सेक्शन, एमटी 18 फिशन, एमटी 102 कॅप्चर, एमएफ 33 कोव्हेरियन्स, एवढं पाठ झालं की पान ओळखीचं वाटायला लागतं.

आणि प्रोजेक्ट करायचा असेल तर मी जुन्या मापनांचं नव्यानं मूल्य काढणं सुचवेन. चाळीस वर्षांपूर्वीच्या पेपरात लेखकानं कुठला मॉनिटर आकडा, कुठलं अर्धायुष्य, गॅमाची किती तीव्रता धरली ते लिहिलेलं असतं, आज त्यातले काही आकडे बदललेत, तेवढे बदलून त्याचं मापन परत जिवंत करता येतं, आणि दोन मापनांतलं भांडण कधी कधी नुसत्या गॅमाच्या तीव्रतेवरून होतं हे कळतं. भारतात 2006 पासून अधूनमधून एक्सफोरचे वर्कशॉप झालेत, त्यात कॉलेज युनिव्हर्सिटीच्या लोकांनी भारतीय पेपरांतली मापनं डेटाबेसमध्ये भरली, पुढचा कधी निघाला तर अर्ज कराच.

गाईडला भेटायच्या आधी एकच रिअ‍ॅक्शन निवडा, थोरियमचं कॅप्चर घ्या हवं तर, एक्सफोरमधली सगळी मापनं आणि चार लायब्ररींचे वक्र एकाच ग्राफवर काढा, आणि जिथं जुळत नाहीत त्या जागेवर पेन्सिलनं गोल करून तो कागद घेऊन जा. अडलं तर इथंच कमेंटमध्ये विचारा, इनपुट फाइल टाकलीत तर बघून सांगेन.