स्नायू पुढे गेले, कंडरा मागे राहिली

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय ३९, वजन ७८ किलो, पुण्यात बँकेत नोकरी. शाळेत कोलांट्याउड्या मारल्या, त्यापलीकडे काही केलेलं नाही. टीव्हीवर जिम्नॅस्ट बघून तशी ताकद आणि तसे खांदे हवेसे वाटले, म्हणून चार महिन्यांपूर्वी गच्चीतल्या लोखंडी तुळईला लाकडी रिंग्ज टांगल्या. पुल-अप्स दोनावरून नवावर गेले. पण रिंग्जवर चढून, हात सरळ ठेवून अंग तोलून धरलं की पाच सेकंदांत हात लटलटा कापतात. महिन्यापूर्वी मोबाइलवर बघून ‘बॅक लिव्हर’ सुरू केला, तेव्हापासून डाव्या कोपराच्या पुढच्या बाजूला, खळग्यात दुखतं. माझं वय निघून गेलंय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वय गेलेलं नाही. पण बॅक लिव्हर आजपासून बंद. ‘थोडा कमी करतो’ असं नको, पूर्ण बंद.

पुल-अपमध्ये कोपर वाकतं, त्यामुळे भार दंडाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर पडतो. बॅक लिव्हरमध्ये अंग जमिनीला समांतर, तोंड खाली, हात पाठीमागे आणि कोपर ताठ. मग ताण येतो तो दंडाच्या स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर, म्हणजे कंडरेवर. तुमचं दुखतंय ती जागा नेमकी तीच आहे. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती बळकट व्हायला स्नायूपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. चार महिन्यांत तुमचे स्नायू पुढे गेले, कंडरा मागे राहिली, आणि तुम्ही भार स्नायूंच्या हिशेबाने वाढवलात.

मी हे अंगावर काढलेलं आहे. मी मूळची दोरीच्या मल्लखांबाची. दोन बाळंतपणांनंतर, ४१व्या वर्षी परत सरावाला लागले तेव्हा ताकद झपाट्याने परत आली आणि मी हुरळले. बायकांच्या स्पर्धेत रिंग्ज नसतात, पण ताकदीसाठी त्याही धरल्या. कोपर ठणकायला लागलं तेव्हा मला शिकवणारे म्हणाले, ‘दुखलं तरी चालू ठेव, मोकळं होईल.’ मी ऐकलं. पुढे सात महिने वरणाचा कुकर डाव्या हाताने ओट्यावरून उचलता येत नव्हता. म्हणून माझ्या संध्याकाळच्या वर्गात मोठी माणसं येतात, त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते : स्नायू दुखले तर उद्या या, सांध्याशी दुखलं तर आत्ता सांगा.

तुम्ही तीन-चार आठवडे पुल-अप्सही अर्ध्यावर आणा. रिंग्ज छातीच्या उंचीवर बांधून, पाय जमिनीवर ठेवून तिरकं ओढणं चालेल, तेही दुखत नसेल तरच. हलकं डंबेल घेऊन कोपर सावकाश सरळ करत न्या, खाली आणायला चार-पाच सेकंद घ्या. रात्री ठणकत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा एकदम ‘कट्’ असा आवाज होऊन हाताची ताकद गेली असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवून थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

आता हात कापतात त्याबद्दल. त्याची मुळीच लाज वाटू देऊ नका. पॅरलल बार, म्हणजे जमिनीवर रोवलेल्या दोन समांतर दांड्या, हलत नाहीत, रिंग प्रत्येक दिशेला पळते, आणि तिला जागेवर धरायचं काम खांद्याभोवतीच्या छोट्या स्नायूंचं. त्यांना ते आजवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. दुखणं पूर्ण थांबलं की रिंग्ज कमरेच्या उंचीवर आणा, पुढ्यात स्टूल ठेवा आणि पावलं त्यावर टेकवून निम्मा भार पायांना द्या. कोपर पूर्ण सरळ, खांदे कानांपासून लांब खाली दाबलेले. रिंग्ज ज्यांना टांगल्यात ते पट्टे दंडाला टेकू देऊ नका. पट्ट्यावर दंड रेलला की काम पट्टा करतो. दहा सेकंद धरा, दोन मिनिटं थांबा, असं पाचदा. आठवड्यात तीन दिवस पुरेत. स्टूल काढूनही ३० सेकंद स्थिर राहिलात की मग अंगठे हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवायचे. हे दिसतं साधं, पण खांदे इथेच घडतात. माझ्या वर्गातल्या ४४ वर्षांच्या एका शिक्षिकेला स्टुलावरून त्या ३० सेकंदांपर्यंत यायला अकरा महिने लागले. त्या दिवशी तिने आकडे मोठ्याने मोजले होते, शेवटचे पाच रडत रडत. तिच्या पाठीची ठेवण तोवर पार बदलली होती, आणि त्यासाठी तिने वेगळं काहीच केलं नव्हतं.

टीव्हीवरच्या खांद्यांचं म्हणाल, तर ती मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून रोज कित्येक तास यात असतात, आणि आपल्याला दिसतात ती हजारांतून निवडलेली. बुल्गारियाचा योर्दान योवचेव्ह ३९व्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये रिंग्जवर होता, उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना ४६व्या वर्षी टोकियोत व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन उडी मारायच्या प्रकारात, उतरली. त्यांच्याकडे बघून हुरूप घ्या, वेळापत्रक घेऊ नका. त्यांच्या कंडरा लहानपणापासून तयार झालेल्या आहेत. तुम्हाला दीड-दोन वर्षांत रुंद पाठ, भरलेले खांदे आणि घट्ट पोट नक्की मिळेल. पाय मात्र रिंग्ज देत नाहीत. त्यासाठी आपल्या बैठका आहेतच.

‘हे लहान मुलांचं काम’ असं कुणी म्हणालं, तर नावच सांगा : मल्ल-खांब. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी तो नव्याने रुजवला, तो पैलवानांच्या सरावासाठी. एरंडेल चोपडलेल्या खांबावर अंग पेलायचं ते वाढलेल्या गड्यांनी.

एक राहिलं. दर वेळी चढण्याआधी पट्ट्याचं बक्कल आणि तुळई तपासता ना? गच्चीत पाऊस लागत असेल तर पट्टे काढून घरात ठेवत जा.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, कोल्हापूरची. मला हातांवर उभं राहायचंय. मनगटं दुखतात. करू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कराच. आधी रक्तदाब तपासा आणि डोळे दाखवून या. काचबिंदू असेल तर उलटं राहू नका, डोळ्यातला दाब वाढतो. मग महिनाभर फक्त मनगटं. गुडघ्यांवर ओणव्या व्हा, तळवे जमिनीवर, आणि खांदे बोटांच्या पुढे नेत भार हळूहळू वाढवा. मग बोटं गुडघ्यांकडे वळवून तेच. रोज पाच मिनिटं. त्यानंतर भिंतीकडे पाठ नव्हे, पोट करून पायांनी भिंत चढा. पहिल्या दिवशी पाय कमरेइतके वर गेले तरी तिथेच थांबा, पाच श्वास घ्या आणि पायांनीच चालत खाली या. उतरणं आधी शिकलात की पडायची भीती जाते. मनगटाखाली सतरंजीची घडी घेऊ नका, मऊ जागेवर मनगट जास्त मुडपतं. उघडी फरशीच बरी.