क्रीम सीटवरचे हट्टी डाग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लाइट कलरच्या लेदर सीटबद्दल बरेच प्रश्न साठले होते, म्हणून या वेळी सगळे तेच घेतलेत. दोघातिघांचा प्रश्न सारखा होता, तिथे एकच उत्तर दिलंय.

प्रश्न : गाडीच्या सीट क्रीम कलरच्या आहेत. ड्रायव्हर सीटच्या कडेला जो उंचवटा असतो ना, त्यावर आणि बसतो त्या भागावर जीन्सचा निळसर रंग चढलाय. ओल्या फडक्याने पुसून झालं, भांड्याच्या लिक्विडने पुसून झालं, फिका होतो पण जात नाही. कोणी बेकिंग सोडा सांगतं, कोणी टूथपेस्ट. नक्की काय लावू?

उत्तर : टूथपेस्ट आधी बाथरूममध्ये परत ठेवा, मग बोलू.

गाडीतलं लेदर म्हणजे बहुतेक वेळा उघडं कातडं नसतं, त्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर पॉलीयुरेथेनचं पातळ पारदर्शक कोटिंग. आपण हात लावतो तो या कोटिंगला, आणि डाग पडतो तोही आधी यावरच. त्यामुळे डाग काढायचा पण कोटिंग काढायचं नाही, एवढाच सगळा खेळ आहे. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, ते डागाबरोबर कोटिंगही खरवडतात. सोड्याचं तेच, वर ती पांढरी पूड शिलाईत जाऊन बसते ती बसतेच. शिवाय लेदर मुळात आम्लधर्मी, पीएच साधारण 4 ते 5, आणि सोड्याचं पाणी 8 च्या वर, म्हणजे कुठे बारीक चीर असेल तर आत जाऊन ते कातड्याला कोरडंच करणार.

आता जीन्सचं. निळ म्हणजे इंडिगो पाण्यात विरघळत नाही, ती धाग्याच्या वरवरच्या भागात बसलेली असते आणि घासलं की सुटते. त्यात घाम, ऊन, आणि रोज त्याच जागी बसणं-उठणं, म्हणून आधी तो कडेचा उंचवटाच निळा होतो. पाण्याने पुसून ती जात नाही यात तुमची काही चूक नाही.

करायचं असं. आधी सीटच्या मागे खाली, दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच वर राहिला तर कोटिंगवालं लेदर आहे, पुढे जा. आत मुरून जागा गडद झाली तर कोटिंगच नाही, मग घरी काही करू नका, लेदरचं काम करणाऱ्याकडेच द्या. पुढे जायचं असेल तर आधी व्हॅक्यूम करा, नाहीतर धूळच सॅंडपेपरचं काम करते. मग लेदरसाठीचा वॉटर बेस्ड क्लीनर घ्या, तो सीटवर नाही तर मऊ ब्रशवर घ्यायचा, फेस करायचा आणि तळहाताएवढ्या भागावर हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. फेस निळसर झाला की वाळायच्या आत ओलसर मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा, वाळू दिला तर सुटलेला रंग परत तिथेच बसतो. असं दोनतीनदा करा आणि मग थांबा, सीट पूर्ण सुकू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा, पार्किंगच्या पिवळ्या लाइटमध्ये काही कळत नाही.

एवढं करून जे उरेल त्याला डाय ट्रान्सफरसाठीचा, म्हणजे कपड्यावरून उतरलेल्या रंगासाठीचा वेगळा क्लीनर मिळतो, तो वापरून बघता येईल, पण आधी त्या लपलेल्या जागी. अजून एक बघा, बऱ्याच गाड्यांत बसायच्या जागी लेदर असतं आणि कडेला, पाठीमागे व्हिनाइल, म्हणजे लेदरसारखं दिसणारं प्लास्टिक असतं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घातलेली असतात त्यांच्यामुळे रंग आत ओढला जातो, म्हणून एकाच सीटवर मधला भाग साफ होतो आणि कडा निळसर राहते. कित्येक महिने जुना डाग असेल तर तो पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही, फिका होईल. राहिलेली निळसर झाक बघवत नसेल तर मग तेवढ्या भागाला रिकलर करून घ्यायचा, पण करणाऱ्याला आधी तो डाग सील करायला सांगा, नाहीतर नव्या रंगातून निळं परत वर येऊ शकतं.

प्रश्न : मुलीने मागच्या सीटवर बॉलपेनने छान मोठं चित्र काढलंय. कालचीच गोष्ट. हेअर स्प्रे मारू का?

उत्तर : नको. हेअर स्प्रेने शाई निघायची ती त्यातल्या अल्कोहोलमुळे, आणि त्याच्याबरोबर जो चिकट थर सीटवर राहतो तो फुकटचा. अल्कोहोलच हवं तर आयसोप्रोपिल घ्या, पण तेही दुसऱ्या नंबरला, आधी साध्या लेदर क्लीनरने जेवढं निघतं तेवढं काढा. ताजी शाई बऱ्यापैकी निघते. दिवस गेले की ती कोटिंगमधून खालच्या रंगात उतरते, त्यामुळे आजच बसा.

आयसोप्रोपिलमध्ये कान साफ करायची काडी बुडवायची, पिळून जेमतेम ओली ठेवायची आणि रेघेवरून फिरवायची, घासायचं नाही, फक्त लोळवायची. कापूस निळा झाला की नवी काडी, नाहीतर तीच शाई शेजारी पसरेल. आणि नजर सगळा वेळ कापसावर. निळं येतंय तोवर चालू द्या. क्रीम रंग यायला लागला की त्या क्षणी थांबा, तो तुमच्या सीटचा रंग निघतोय. रेघ अर्धी राहिली असली तरी थांबा. शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

जाता जाता, हँड सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल 60 टक्क्यांच्या वर असतं, त्याचे थेंब सीटवर तसेच वाळले तर फिकट किंवा चिकट ठिपके राहतात, आणि लोकांना वाटतं की डाग पडलाय. तो डाग नाही, कोटिंग गेलंय.

प्रश्न : पांढरा मॅजिक स्पंज वापरला, डाग एकदम गायब! पण आता तेवढीच जागा वेगळी चमकते. काय लावलं की जाईल?

उत्तर : काही लावून जाणार नाही. तो मेलामाइनचा फोम असतो, हाताला मऊ लागतो पण काम पॉलिश पेपरचंच करतो. डाग गेला कारण ज्या थरावर डाग होता तो थर गेला. सीट अजून गुळगुळीत लागत असेल आणि रंग सगळीकडे सारखा असेल तर आता हात लावू नका, नुसता लेदर प्रोटेक्टंट, म्हणजे वर संरक्षक थर देणारं द्रव्य लावून ठेवा. रंगच उडाला असेल तर रंग आणि त्यावरचं कोटिंग दोन्ही नव्याने मारून घ्यावं लागेल. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनरबद्दल विचारणाऱ्या दोघांनाही हेच उत्तर, फक्त ते अजून फास्ट करतात.

प्रश्न : हेडरेस्ट आणि आर्मरेस्ट काळपट झालेत, धूळ वाटत नाही, क्लीनरने फरक पडत नाही.

उत्तर : केसांचं तेल, हाताचा घाम, सनस्क्रीन हे सगळं थरावर थर बसलंय. क्लीनरला जरा जास्त वेळ लागेल, फेस लावून मिनिटभर ठेवा, मग ब्रश, मग टिपणं, आणि हेच पुन्हा दुसऱ्या दिवशी. भागत नसेल तर लेदर डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा क्लीनर मिळतो. काळपटपणाबरोबर तिथे बारीक तडे दिसत असतील तर मात्र तेल आत पोचलंय, मग जास्त घासलंत तर रंगाचे पापुद्रे हातात येतील.

प्रश्न : छिद्रांच्या सीटवर कॉफी सांडली. क्लीनर स्प्रे केला तर चालेल?

उत्तर : डायरेक्ट स्प्रे अजिबात नको. छिद्रांतून पाणी खालच्या फोममध्ये जातं, तिथे काही गाड्यांत हीटिंगच्या तारा, हवेचा पंखा, बसलेला माणूस ओळखणारा सेन्सर, असं बरंच काही असतं. सांडल्या सांडल्या कोरड्या कापडाने दाबून टिपायचं, पुसायचं नाही, पुसलं की कॉफी छिद्रांत भरते. नंतर क्लीनर कापडावर घेऊन, आणि छिद्रांत अडकलेलं कोरड्या मऊ ब्रशने.

प्रश्न : सीट चमकायला घरातलं तेल लावलं तर?

उत्तर : कोटिंगमधून आत जात नाही, वर चिकट बसतं, धूळ धरतं, आणि कालांतराने वासही मारतं. त्यापेक्षा सीट स्वच्छ असतानाच प्रोटेक्टंट लावा, दर काही महिन्यांनी पुन्हा. मग जीन्सचा रंग आधी त्या थरावर बसतो आणि पुसायला सोपा जातो. नवी जीन्स दोनतीनदा धुऊन मगच घालून गाडीत बसा, आणि ओली असेल तर सीटवर टॉवेल टाका, ओल्या कपड्याचा रंग कोरड्यापेक्षा जास्त उतरतो.