मूल ‘माहीत नाही’ म्हणतंय, तर थेट नाव घेऊन विचारलं तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा, की सहा वर्षांचं साक्षीदार मूल गप्प बसलं तर ‘अमक्यानं तुला ढकललं का?’ असं सरळ विचारून मोकळं का होऊ नये. कारण त्या ‘हो’ला पुढे फारशी किंमत उरत नाही. नाव तुमचं, कृतीही तुमचीच. मुलानं फक्त मान हलवली. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, त्या प्रकरणात मुलांना असंच सुचवत, पढवत मुलाखती झाल्या. १९८३ साली सुरू झालेलं ते प्रकरण १९९० मध्ये संपलं, शिक्षा कुणालाच नाही.

मग मुलाखत घ्यायची कशी? मूल खोलीत येण्याआधीच व्हिडिओ चालू करा. पालक बाहेर. मग सराव: ‘मी म्हटलं तू दोन वर्षांचा आहेस, तर?’ ‘नाही, सहा!’ ‘बरोबर. माझं चुकलं की असंच सांगायचं.’ नियम नुसता ऐकवून भागत नाही, तो मुलाकडून करून घ्यावा लागतो. पुढे एखाद्या साध्या प्रसंगाबद्दल, समजा वाढदिवसाबद्दल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावा. घाईत लोक हीच पाच-सात मिनिटं गाळतात आणि मग मूल एका शब्दात उत्तरं देतं म्हणून कुरकुरतात.

मूळ विषयाकडे वळताना ‘आज तू इथं कशासाठी आलास, ते सांग’ एवढंच म्हणा. मूल म्हणालं ‘तो आला, मला ढकललं’, तर त्याचाच शब्द उचला: ‘ढकललं म्हणालास, त्याबद्दल सगळं सांग.’ मग ‘पुढे काय झालं?’ आणि मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता मुलापेक्षा मोठ्यांनाच जास्त जड जाते. ‘तो’ म्हणजे कोण, कुठे, हे त्याचं सांगून झाल्यावर. हो-नाहीचे प्रश्न अगदी शेवटी, आणि ‘हो’ आलं की लगेच ‘त्याबद्दल सांग’.

लहान मुलं शब्द अक्षरशः घेतात. ‘घरात झालं का?’ ‘नाही.’ झालेलं असतं गच्चीवर, आणि त्याच्या लेखी गच्ची म्हणजे घर नव्हे! तोच प्रश्न पुन्हा विचारलात तर आधीचं उत्तर चुकलं असं समजून ते उत्तर बदलतं. ‘तू ओरडला का नाहीस?’ यात त्याला दोषच ऐकू येतो. ‘किती वेळा?’ला आकडा मिळेल, पण तो धरून चालू नका. ‘एकदाच की जास्त वेळा?’ विचारा आणि जास्त असेल तर ‘शेवटच्या वेळचं सांग’. हव्या त्या उत्तरावर ‘शाब्बास’ तर अजिबात नको.

तरीही बोललंच नाही, तर रेटू नका. साध्या गप्पांवर परत या, उठा, दुसरा दिवस ठरवा. तोवर घरच्यांना उलटतपासणी करू देऊ नका. मूल आपणहून काही बोललं तर त्याचेच शब्द आणि त्याआधी त्याला काय विचारलं होतं, दोन्ही जसंच्या तसं लिहून ठेवायला सांगा.