जुनी मातीची मडकी घरात मांडायची आहेत. घासून स्वच्छ करू की तशीच ठेवू?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हाती आलेली मडकी खरंच जुनी आहेत का, त्यांची काजळी काढावी का, आणि वॉर्निश मारून त्यांत फुलं ठेवली तर चालेल का. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच आजच्या आज उरकून टाकण्याचा मोह होतो. घासू नका.

मी घासलं होतं. पहिलंच मडकं, बाहेरून काळंकुट्ट. उत्साहाच्या भरात तारेची घासणी आणि साबणाचं पाणी घेऊन बसलो. तासाभरात काजळी गेली आणि खालून निघालं ते ओरखडे पडलेलं, फिकट, कुठल्याही कुंडीसारखं काहीतरी. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. तीन आठवड्यांनी त्याच्या पोटावर पांढरी भुकटी फुलली. पुसली की परत यायची, आणि नंतर तर तिच्याबरोबर मातीचे पापुद्रे सुटायला लागले.

हे का होतं? अशी मडकी उघड्या आव्यात, साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजलेली असतात. एवढ्या आचेत माती पुन्हा चिखल होत नाही, पण काचेसारखी घट्टही होत नाही. अंगभर बारीक छिद्रं राहतात. धुतलं की पाणी आत मुरतं आणि वर्षानुवर्षं जिरलेले क्षार त्यात विरघळतात. मडकं वाळताना तेच क्षार बाहेरच्या थराशी येऊन त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिकाला वाढायला जागा लागते, ती तो मातीला ढकलून करून घेतो. मातीत पुरलेली किंवा समुद्रातून निघालेली भांडी यामुळे अक्षरशः पीठ होऊन झडू शकतात. म्हणून फक्त मऊ, कोरडा ब्रश वापरा, आणि हात काठाला न घालता बुडाखाली घालून मडकं उचला. काठ हा सगळ्यात आधी तुटणारा भाग.

वॉर्निशचंही तेच. आतली ओल आणि क्षार कोंडले जातात, मग काही दिवसांनी पापुद्रा निघतो तो वॉर्निशसकट. शिवाय चकाकणारं मडकं प्लास्टिकचं वाटतं, हे माझं वैयक्तिक मत.

आता जुनेपणाबद्दल. मडकं वाजवून घ्यावं म्हणतात, पण त्यातून फक्त तडा कळतो: बोटाच्या पेराने टिचकी मारली की धड मडकं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. वय त्यातून कळत नाही. वापर कळतो तो काजळीवरून, म्हणून तर ती घासायची नाही. मडकं उलटं करून उजेडात बघा. विस्तवाला अगदी जवळून बसलेल्या मडक्याचं बूड पुष्कळदा मधोमध फिकट, तांबूस असतं, कारण तिथे आच इतकी कडक लागते की काजळी जळूनच जाते. तिच्याभोवती काळं कडं, आणि ते वर खांद्याकडे विरत गेलेलं. एक बाजू बहुधा जास्त काळी. आत डोकावलं तर डाव फिरून फिरून झिजलेला भाग बोटाला गुळगुळीत लागतो. याउलट बुडापासून काठापर्यंत सगळीकडे सारखंच काळं असेल, आणि स्पिरिटच्या बोळ्याला रंग विरघळून लागत असेल, तर ते ‘जुनं’ केलेलं मडकं आहे. मांडायला तेही वाईट नाही, फक्त जुन्याचे पैसे मोजू नका.

काजळीला पुरातत्त्वातही मान आहे. चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्यांपैकी काहींच्या बाहेरच्या अंगावर जळाल्याच्या खुणा आहेत, म्हणून ती भांडी रांधायला वापरली असावीत असं मानतात. कुणी हौसेने घासली असती तर?

रांधायच्या मडक्याचं बूड गोल असतं, कारण कोपरा असला की आचेचा ताण तिथे साठून भांडं फुटतं. चुलीवरचा हा शहाणपणा कपाटावर मात्र अडचणीचा, मडकं गडगडतं. खाली चुंबळ द्या. सुती दोरीची किंवा कापडाची वळलेली असली की झालं. लोखंडी तिवईही छान दिसते, पण जिथे मडकं टेकतं तिथे नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवा. सगळी मडकी एका ओळीत शाळेच्या रांगेसारखी उभी करू नका. एक मोठं, एक लहान आणि मध्ये मोकळी जागा एवढं पुरतं. प्रकाश समोरून न पाडता बाजूने पाडा, म्हणजे कुंभाराच्या बोटांच्या वळ्या उठून दिसतात. माझ्याकडच्या एका मडक्याच्या गळ्याखाली अंगठ्याचा ठसा आहे, ओल्या मातीत राहिलेला. तो दिवसा दिसतच नाही, रात्री कोपऱ्यातला दिवा लावला की दिसतो.

एखादं मडकं फुटलं तर झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. जोड वाकडा बसला तर तो सहजी सुटत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य वापरतात, ते ॲसिटोनने पुन्हा विरघळवता येतं. दिव्याची वायर घालायला बुडाला भोक मात्र कृपा करून पाडू नका. आणि त्यात रांधायचं तर मनातही आणू नका: जुन्या झिलईत शिसं असू शकतं.

फुलांसाठी मडक्यात थेट पाणी ओतलं तर ते पाझरून लाकडावर गोल डाग पडेल आणि वर सांगितलेली भुकटीही येईल. गळ्यातून आत जाईल अशी काचेची बाटली ठेवा आणि पाणी तिच्यात भरा. भरायला बाटली प्रत्येक वेळी बाहेर काढा, मडक्यात ठेवूनच ओतलं तर थोडं सांडतंच. गळा फारच अरुंद असेल तर वाळलेल्या काड्या-तुरे लावा.