गुलाबाला साखरपाणी नको

मागच्या सदरात जाता जाता लिहिलं होतं, की साखर हे झाडाचं अन्न तर आहेच, शिवाय तो निरोपही आहे. त्या एका वाक्यावर इंदूरच्या वाचकांनी इतकं विचारलं, की आजचं सगळं सदर त्यालाच देतो.

साखर निरोप देते, तर गुलाबाच्या कुंडीत चमचाभर घालू का? सासूबाई गुळाचं पाणी घालायच्या. (राजेंद्र नगर)

साखर नको. झाड आपली साखर पानात करतं आणि रसवाहिन्यांतून जिथे हवी तिथे धाडतं. कुंडीत घातलेली साखर मुळांना मिळायच्या आत मातीतले जिवाणू आणि बुरशी फस्त करतात. मुंग्या येतात त्या वेगळ्याच. फार घातलीत तर मुळांना पाणी ओढणं जड जातं. सासूबाईंचं मात्र चुकत नव्हतं. जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्राच्या सेंद्रिय खतातही, २०० लिटर पाण्याला २ किलो गूळ पडतो, पण तो सूक्ष्मजीवांच्या पंगतीसाठी असतो, झाडासाठी नव्हे. कापून फुलदाणीत ठेवलेल्या गुलाबाला साखर चालते, कारण त्याचा घरचा पुरवठा तुटलेला असतो. लिटरला दहा-वीस ग्रॅम पुरे. लिंबाचे थेंब टाका आणि पाणी रोज बदला.

तुळशीचा शेंडा खुडला की ती डेरेदार होते. शाळेत याचं कारण ऑक्झिन असं शिकलो. त्यात साखर कुठून आली? (तिलक नगर)

मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं: शेंड्यातून ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदी फुटायच्या जागांना, दाबून ठेवतं; शेंडा गेला की डोळे मोकळे होतात. अडचण वेगाची होती. ऑक्झिन खोडातून तासाला सुमारे एक सेंटिमीटर उतरतं. उंच वाटाण्याचा शेंडा कापला, तर बऱ्याच खालचे डोळे काही तासांतच हलू लागतात. तिथलं ऑक्झिन कमी व्हायलाही तेवढा वेळ पुरत नाही, मग त्यांना कळवलं कोणी?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याचं उत्तर दिलं. वाढता शेंडा हा घरातला सगळ्यात खादाड. पानांतली साखर तोच ओढून घेतो. तो गेला की तीच साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, आणि साखर ऑक्झिनपेक्षा कितीतरी वेगाने धावते. त्यांनी शेंडा जागेवर ठेवून रोपाला बाहेरून साखर पुरवली, तरीही डोळे फुटले. उलट पानं काढून टाकली तेव्हा फुटवा रखडला. म्हणून ऑक्झिन बाद झालं असं नाही. डोळा जागा झाल्यावर पुढे किती वाढायचं, त्यात त्याचा शब्द अजून चालतोच.

तेव्हा तुळस खुडताना मंजिऱ्या आणि शेंडे घ्या, खालची पानं ओरबाडू नका. निरोप तिथूनच निघतो.

सर, पेशी ग्लुकोज जाळून ऊर्जा मिळवते हे ठीक. पण ‘ग्लुकोज आलं’ हे तिला जाळण्यापलीकडे वेगळं कळतं, याचा पुरावा काय? (होळकर विज्ञान महाविद्यालयातला विद्यार्थी)

छान अडवलंस! हेक्सोकायनेज हे विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, तुला माहीत आहे. ग्लुकोज वापरायची पहिली पायरी त्याच्याकडे असते. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा झाडाची रोपं ६ टक्के ग्लुकोजवर उगवली, तर गोड फार झाल्याचा निरोप मिळून ती फिकट राहतात आणि तिथेच अडतात. हेक्सोकायनेजचं जनुक बिघडलेली रोपं मात्र त्याच ग्लुकोजवर हिरवीगार वाढतात, म्हणजे त्यांना गोडाचा पत्ताच लागत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत या रोपांना हेक्सोकायनेजचं असं रूप दिलं गेलं, जे ग्लुकोज धरतं पण त्यावर रासायनिक काम काहीच करत नाही. रोपांना गोड पुन्हा कळू लागलं! याचा अर्थ चव घेणं आणि खाणं ही एकाच प्रथिनाची दोन निराळी कामं आहेत. विकर म्हणजे फक्त कामगार, हे परीक्षेपुरतं ठीक आहे.

कोयीपासून लावलेला आंबा सहा वर्षांचा झाला. शेजारच्या कलमाला मोहोर आहे, आमच्या झाडाला नुसता पाला. (सुदामा नगर)

धीर धरा, कोयीच्या आंब्याला इतकी वर्षं लागतातच. कलमाची काडी मोठ्या झाडाची असते, म्हणून ते लहानपण ओलांडूनच तुमच्या अंगणात येतं. रोपाचं हे लहानपण एक सूक्ष्म आरएनए, म्हणजे जनुकांना आवर घालणारा छोटासा रेणू, टिकवून ठेवतो, आणि पानांतली साखर वाढत गेली की तो उतरतो, हे २०१३ मध्ये अराबिडॉप्सिसवर दिसलं. त्याच वर्षी जर्मनीतून दुसरी गोष्ट पुढे आली. ट्रेहलोज-६-फॉस्फेट ही साखर पेशीत नावापुरतीच असते, पण सुक्रोजचा साठा किती आहे याची वर्दी ती देते. ती बनवता न येणारी रोपं दिवस मोठे झाले तरी फुलायला फार उशीर लावतात. ‘घरात शिधा आहे, आता कार्य काढा’ असा हा हिशेब.

आंबा म्हणजे अराबिडॉप्सिस नव्हे. त्याच्या मोहोराला थंड रात्रीही लागतात, त्या इंदुरात मिळतात. तुमच्या हातात इतकंच: झाडाला भरपूर ऊन मिळू द्या आणि युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की साखर नव्या पालवीतच खर्च होते. अगदीच घाई असेल तर याच खोडावर फळत्या झाडाची काडी बांधून घ्या.

फ्रिजमधल्या बटाट्यांचे वेफर्स तळताच तांबूस-काळे का होतात? (लोकमान्य नगर)

माळव्याच्या बटाट्याला दोष देऊ नका, दोष फ्रिजचा. थंडीत बटाटा स्टार्चची साखर करतो आणि ती साखर कढईत अमिनो आम्लांशी मिळून काळी पडते, कडवट लागते. वेफर्सचे बटाटे १० ते १२ अंशांवर ठेवतात ते यासाठीच. तुमचे टाकू नका. दोन-तीन आठवडे बाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी पसरून ठेवा. बरीच साखर उतरेल. मग आधी चारच चकत्या तळून बघा. तरीही काळ्या पडल्या तर उरलेल्यांची भाजी करा.